तिच्या नावाचं काम



मी रायपूरहून आले आहे. छत्तीसगडच्या राजधानीत, समता कॉलोनीत आमचं घर आहे. रायपूरला मराठी माणसं असतात का, असं मला पुण्या-मुंबईत हमखास विचारतात. असतात, आणि बरीच असतात. नागपूरकर भोसल्यांचं राज्य छत्तीसगडात होतं, तेव्हापासून आहेत. आमच्या कॉलनीतच महाराष्ट्र मंडळाचं दिव्यांग बालिका विकास गृह आहे. बाजूला मारवाडी, गुजराती, छत्तीसगडी शेजार. त्यामुळे माझ्या मराठीत मधूनच एखादा हिंदी शब्द डोकावेल, तेवढा सांभाळून घ्या.

मी 31 वर्षं बँकेत नोकरी केली. आमची एकुलती एक मुलगी 2013 च्या ऑगस्टमध्ये गेली. ती 17 वर्षांची होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. 2014 च्या शेवटापासून तिच्या नावानं आम्ही एक छोटासा निधी चालवतो. सिकलसेल असलेल्या मुलांना दवाखान्यात जायला-यायला भाडं देतो, रक्तदात्यांची यादी ठेवतो आणि गावांत तपासणीचे कॅम्प लावायला मदत करतो. एवढंच काम आहे. आम्ही 11 माणसं आहोत, त्यातली 6 जण साठीच्या पुढची.

संस्था कशी काढावी, हे सांगायला मी आलेले नाही. मूल गेल्यावर त्याच्या नावानं काम चालवणारा माणूस स्वतः कसा राहतो, याबद्दल मला बोलायचं आहे. याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. लोक विचारतात, 'ताई, किती रुग्ण झाले?' मी आकडा सांगते. मग ते म्हणतात, 'तुम्ही दुःखाचं सोनं केलंत.' तिथे मी गप्प बसते. दुःखाचं सोनं वगैरे काही होत नाही. दुःख दुःखच राहतं आणि काम काम राहतं. ती दोन्ही एकाच घरात राहतात, म्हणून त्यांच्यात रोज भांडणं होतात. ती भांडणं कशी सोडवायची, हे मला गेल्या काही वर्षांत जे कळलं, ते आज सांगते.

आधी एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. तुम्ही कुठल्याही जुन्या मराठी शाळेत, वाचनालयात, देवळात जा. पाण्याच्या टाकीवर, पुस्तकाच्या कपाटावर, बाकावर छोटी पाटी असते. 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ.' खाली आईवडिलांचं नाव असलं की समजायचं, मूल गेलेलं आहे. शाळेत गणितात पहिल्या येणाऱ्याला असंच कुणाच्या तरी ठेवीच्या व्याजातून बक्षीस मिळतं. ते बक्षीस घेताना आपण कधी विचार केलेला नसतो की या पैशांमागे कुणाचं तरी घर रिकामं झालेलं आहे.

ही आपल्याकडची फार चांगली पद्धत आहे. त्यात एक शहाणपण आहे. आईवडील पैसे देतात, पाटी लागते, आणि काम दुसरं कुणीतरी करतं. शाळा चालवणारी शाळा चालवतात. त्यांना दरवर्षी त्या मुलाची आठवण काढून काम करावं लागत नाही. आम्ही तो सोपा रस्ता घेतला नाही, आम्ही काम स्वतःच्या अंगावर घेतलं. म्हणून मला त्या सोप्या रस्त्याची किंमत जास्त कळते. कुणी मला विचारलं, 'आमच्या मुलाच्या नावानं संस्था काढू का?' तर मी आधी म्हणते, चांगली चाललेली एखादी संस्था शोधा आणि तिथे ठेव ठेवा. ठेव मात्र अशी ठेवा की काही वर्षांनी त्यात भर घालता येईल. नाहीतर 40 वर्षांपूर्वी सुरू झालेलं 51 रुपयांचं बक्षीस आजही 51 रुपयांचंच राहतं.

आमचा निधीही ठेवीतूनच सुरू झाला. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी मी महिन्याच्या महिन्याला पैसे टाकत होते. त्याचे 4 लाख झाले होते. आता मी बँकेत काम करणारी बाई. दुसऱ्यांच्या किती ठेवी मी मोडून दिल्या असतील, वारस लावून दिले असतील. ही ठेव मोडायला माझा हात होईना. घरातही खर्च करवेना. ते पैसे तिचे होते, आणि ती नव्हती. बाकी सगळ्या मोठ्या गोष्टी नंतर आल्या, सुरुवात या साध्या अडचणीतून झाली.

लोक तर तेराव्यापासूनच म्हणत होते, 'तिच्या नावानं काहीतरी करा.' सगळे प्रेमानं म्हणत होते. माझ्या सासूबाई तेव्हा 80 वर्षांच्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, 'वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघ.' मी वर्षभर काही केलं नाही. बँकेत जात होते, परत येत होते. ते वर्ष मला मिळालं हे माझं नशीब. कारण पहिल्या महिन्यात आपण जे ठरवतो, ते काम उभं करायचं म्हणून ठरवत नाही. घरात बसवत नाही, म्हणून ठरवतो.

आता आजाराबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं समजायला ते लागेल. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग असह्य वेदना होतात. साधी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवसांतच मोडते. त्यामुळे अंगात रक्त कायम कमी. छत्तीसगड, विदर्भातले गडचिरोली, गोंदिया, भंडारा, नंदुरबारचा पट्टा, इकडे मध्य प्रदेश, ओडिशा, या सगळ्या भागात हा आजार आहे. तो आईवडिलांकडून येतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे त्यांना स्वतःला काही त्रास नाही, पण रक्तात तो गुण आहे, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. 50 टक्के शक्यता वाहक होण्याची, आणि 25 टक्के शक्यता अगदी निरोगी असण्याची.

हे मी कॅम्पमध्ये सांगते. समोर नवी लग्न झालेली जोडपी असतात. फळ्यावर चार चौकोन काढते आणि एक चौकोन रंगवते. माझ्याकडे बघून कुणाला कळत नाही की तो रंगवलेला चौकोन माझ्या घरातला आहे. आम्ही दोघं वाहक होतो. लग्न झालं तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हतं, आमच्या डॉक्टरांनाही माहीत असायचं काही कारण नव्हतं. मुलगी 2 वर्षांची झाल्यावर कळलं. दर कॅम्पला मी खडू घेऊन तो चौकोन रंगवते. सुरुवातीला मला वाटायचं, सवय होईल. झाली नाही. मग आम्ही साधा उपाय केला. एका दिवसात मी एकदाच समजावून सांगायचं. दुसरी बॅच असेल तर आमच्यातली एक निवृत्त शिक्षिका सांगते. ती माझ्यापेक्षा चांगलं सांगते, हेही खरं.

हा आमचा पहिला नियम. ज्या कामानं स्वतःची जखम उघडते, ते काम दिवसातून एकदाच. ते रोज करायला दुसरं कुणीतरी हवं.

दुसरा नियम पैशाचा. निधी छोटा असला की रोज निवड करावी लागते. 2014 मध्ये बँका ठेवीवर 9 टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या. म्हणजे आमच्या 4 लाखांचे वर्षाला 36 हजार. 2021 पर्यंत दर साडेपाचच्या आसपास आला. तेच 4 लाख, आणि हातात 22 हजार. लोकांच्या देणग्या येतात, पण कमी-जास्त. तेव्हा कुणाला द्यायचं आणि कुणाला पुढच्या महिन्यात यायला सांगायचं?

इथे दुःख मधे येतं. समजा दोन अर्ज आहेत. एक 16-17 वर्षांची मुलगी, दोन वेण्या, बारावीला आहे. दुसरा 26 वर्षांचा हमाल, दारूचा वास येतोय, पण महिन्यातून दोनदा रक्त चढवावं लागतं. माझं मन कुठे जाणार, हे सांगायला नको. आणि गरज तर दुसऱ्याची जास्त. म्हणून आमच्याकडे अर्जावर नाव, वय, फोटो काहीच नसतं. एक क्रमांक असतो. दवाखाना किती लांब, महिन्यात किती फेऱ्या, घरात कमावणारं कोण, एवढंच लिहिलेलं असतं. तीन जण बसून ठरवतात, आणि त्या तिघांत मी नसते. मी संस्थापक आहे, पण मला मत नाही. काही लोकांना हे विचित्र वाटतं. मला त्यानं रात्री झोप लागते.

काम कुणासाठी आहे, हा प्रश्न फक्त माझ्यासारख्या आईला पडतो असंही नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून गडचिरोलीत काम सुरू केलं. तिथल्या आदिवासींमध्ये सिकलसेल आहे हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. पण डॉ. बंग सांगतात की लोकांच्या लेखी तो त्यांचा पहिला प्रश्न नव्हता. मग त्यांनी लोकांना काय हवं आहे, ते विचारून काम ठरवलं. इतक्या मोठ्या माणसांना हा धडा मिळतो, तर आपण कोण? आम्हीही विचारलं. आम्हाला वाटत होतं, औषधं द्यावीत. आयांनी सांगितलं, 'औषध सरकारी अस्पतालमध्ये मिळतं दीदी, तिथे पोचायचं कसं? एक दिवस गेला की दोघांची रोजी बुडते.' म्हणून आम्ही बसचं भाडं देतो. बसभाडं देण्यात काही भव्य नाही. देणगीदाराला फोटो दाखवायला त्यात काही नसतं. पण मुलं तारखेला दवाखान्यात पोचतात.

तिसरा नियम तारखेचा. आमचा वर्षातला जाहीर कार्यक्रम 19 जूनला असतो. तो जागतिक सिकलसेल दिवस. ऑगस्टमधली तिची तारीख आम्ही कामाला दिलेली नाही. त्या दिवशी कार्यालय बंद. पाहुणे नाहीत, हार नाहीत, भाषण नाही. आम्ही दोघं सकाळी महादेव घाटावर जातो, खारून नदीच्या काठाला बसतो आणि घरी येतो. पुण्यतिथीला कार्यक्रम ठेवणाऱ्या आईवडिलांना मी पाहिलेलं आहे. सकाळपासून खुर्च्या, माइक, चहा, प्रमुख पाहुण्यांची गाडी. संध्याकाळी सात वाजता कळतं की आज रडायचं होतं आणि वेळच मिळाला नाही.

चौथा नियम नावाचा. मी आज इथे तिचं नाव घेतलेलं नाही. त्याचं कारण सांगते. निधी तिच्या नावानं आहे, म्हणून ते नाव शिक्क्यावर आलं, पावतीवर आलं, बँकेच्या खात्यावर आलं. एकदा दुपारी फोन आला. समोरचा माणूस तिचं पूर्ण नाव घेऊन म्हणाला, 'इनका ऑडिट कब है, मॅडम?' त्याचं काहीच चुकलं नव्हतं, पण मला क्षणभर काही सुचेना. नाव तेच, पण ते ऐकल्यावर आता मुलगी आठवत नव्हती, फाइल आठवत होती. त्या दिवसापासून आम्ही वाटणी केली. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आम्ही कामाला दिलं. घरी हाक मारायचं नाव घरातच ठेवलं. ते आम्ही दोघंच वापरतो. तुम्ही कुणी स्मृती-निधी काढणार असाल, तर एक नाव, एक फोटो, एक वस्तू तरी स्वतःसाठी मागे ठेवा. ती कुठल्याही पत्रिकेवर छापू नका.

आता आमच्या यांच्याबद्दल. माझे यजमान दोन वर्षं तिच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. कॅम्पला ते गाडी चालवत यायचे, खोके उतरवायचे आणि परत गाडीत जाऊन बसायचे. लोकांना वाटायचं, यांना या कामात रस नाही. मलाही लोक विचारायचे. पण प्रत्येक माणूस वेगळ्या वाटेनं रडतो. मी बोलून रडते, ते पाने-पक्कड घेऊन रडतात. रक्त तपासणीचं सामान ज्या लाकडी पेटीतून जातं, ती त्यांनी स्वतः केलेली आहे. आतमध्ये प्रत्येक बाटलीसाठी कप्पा आहे. 10 वर्षांत त्यातली एकही बाटली फुटलेली नाही. मूल गेलेल्या जोडप्यांना मी सांगते, एकमेकांचं दुःख मोजू नका. एकाला संस्था हवी असेल आणि दुसऱ्याला नको असेल, तर नको असलेल्याला व्यासपीठावर ओढू नका.

याबाबतीत मला अभ्यासकांच्या एका मांडणीनं फार आधार दिला. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या दोघांनी 1999 मध्ये ती मांडली. त्यांचं म्हणणं असं की शोक करणारा माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो. कधी तो गेलेल्या माणसाकडे वळतो. आठवतो, रडतो, कपडे हातात घेऊन बसतो. कधी तो पुढच्या कामांकडे वळतो. बिलं भरतो, नवं काही शिकतो, लोकांत जातो. दोन्ही लागतं, आणि ही ये-जा चालू असणं हे चांगलं लक्षण आहे. एकाच टोकाला अडकणं वाईट. आपण जो फक्त रडतो, त्याची काळजी करतो. जो फक्त काम करतो, त्याचा सत्कार करतो. खरं तर दोघंही अडकलेले असू शकतात.

अमेरिकेतलं एक उदाहरण सांगते. कँडी लाइटनर यांची 13 वर्षांची मुलगी कॅरी 3 मे 1980 रोजी कॅलिफोर्नियात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या धडकेत गेली. त्याच वर्षी त्यांनी दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध आयांची संघटना उभी केली. चार वर्षांत, 1984 मध्ये, दारू विकत घेण्याचं किमान वय 21 करायला राज्यांना भाग पाडणारा कायदा अमेरिकेत झाला, त्यात या संघटनेचा मोठा वाटा होता. आणि 1985 मध्ये लाइटनर संघटनेतून बाहेर पडल्या. 1990 मध्ये त्यांनी एका सहलेखिकेबरोबर पुस्तक लिहिलं. त्याचा विषय होता शोक. मी त्यांची कथा वाचते तेव्हा मला कायद्याइतकीच त्या पुस्तकाची तारीख दिसते. मुलगी गेल्याला तेव्हा 10 वर्षं झाली होती.

आपल्या मुंबईतले दादाराव बिल्होरे अनेकांना माहीत असतील. मरोळला भाजी विकणारे. त्यांचा 16 वर्षांचा मुलगा प्रकाश जुलै 2015 मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पाण्यानं भरलेल्या खड्ड्यामुळे झालेल्या अपघातात गेला. तेव्हापासून दादाराव रस्त्यावरचे खड्डे बुजवतात. शेकडो खड्डे त्यांनी बुजवले. वर्तमानपत्रांनी त्यांना 'पॉटहोल दादा' म्हटलं. मला त्यांच्या कामात जे आवडतं ते हे की खड्डा बुजवल्यावर त्यावरून कोण जाणार, हे ते निवडू शकत नाहीत. जो येईल तो जाईल. मुलाच्या नावाचं काम असं असावं.

आणि आपण ज्यांचं नाव अभिमानानं घेतो, त्या डॉ. आनंदीबाई जोशी. 14 व्या वर्षी त्यांना मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. पुढे त्या 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. ही गोष्ट आपण एका वाक्यात सांगतो: मूल गेलं आणि त्या डॉक्टर झाल्या. त्या दोन गोष्टींच्या मधे सुमारे सात वर्षं आहेत. एक 14-15 वर्षांची आई ती वर्षं कशी जगली असेल? त्याबद्दल आपण बोलत नाही. आज ज्यांच्या घरात ती मधली वर्षं चालू आहेत, त्यांच्यासाठी मी हे सांगतेय. त्या वर्षांत काही घडताना दिसत नसेल, तरी ती वाया गेलेली नसतात.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ती मला काम सुरू करताना कुणी सांगितली नव्हती. आजारी मुलांसाठी निधी काढला, की त्यातली काही मुलं जाणार. 2017 मध्ये आमच्या यादीतला महासमुंद जिल्ह्यातला 9 वर्षांचा मुलगा गेला. तीन वर्षं आम्ही त्याचं भाडं देत होतो. त्या गावच्या मितानिनचा फोन आला. आमच्याकडे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला मितानिन म्हणतात, म्हणजे मैत्रीण. फार सुंदर शब्द आहे.

जावं की नाही, हे मला कळेना. निधीची माणूस म्हणून गेले तर काय बोलणार? दशगात्राच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. दशगात्र म्हणजे आपला दहावा. त्याची आई ओसरीत बसली होती. मी बाजूला बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिनं विचारलं, 'तोर नोनी ला का होय रिहिस, दीदी?' तुझ्या मुलीला काय झालं होतं? तीन वर्षं ती दर महिन्याला माझ्याकडून पाकीट घेत होती, पण हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता. मी सांगितलं. ताप आला होता, छातीत दुखत होतं, दोन दिवस. तिनं तिच्या मुलाचं सांगितलं. माझे यजमान दाराशी उभे होते. ते आत आले, जमिनीवर बसले आणि म्हणाले, 'आखिरी दिन उसने आम मांगा था. अगस्त में आम कहाँ मिलता?' ही गोष्ट मला माहीत नव्हती. चार वर्षं आम्ही एका घरात राहत होतो, आणि ही गोष्ट मी त्या ओसरीत पहिल्यांदा ऐकली.

त्यानंतर आम्ही कामात एक भर घातली. आमच्या यादीतलं मूल गेलं, तर भाड्याची फाइल बंद होते, पण कुटुंब यादीतून जात नाही. आमच्यातले दोन जण दहाव्याला जातात, मग तीन महिन्यांनी, मग वर्षानं. हातात पत्रक नसतं, फॉर्म नसतो. फक्त मुलाचं नाव घेऊन बोलायचं. इंग्लंडमध्ये 1969 पासून मूल गेलेल्या आईवडिलांचा असा एक गट आहे. तोही दोन घरांपासून सुरू झाला. कोव्हेंट्रीच्या एका रुग्णालयात दोन मुलगे थोड्या दिवसांच्या अंतरानं गेले होते. तिथले धर्मगुरू सायमन स्टीफन्स यांच्या लक्षात आलं की ते दोन्ही आईवडील एकमेकांना जो धीर देतात, तो आपण देऊ शकत नाही. पुढे त्यांनी त्या कुटुंबांसह तो गट उभा केला. आपल्याकडे याला वेगळं नाव द्यायची गरज नाही. दहाव्याला जाणं आपल्याला येतं. तीन महिन्यांनी जाणं तेवढं शिकायला हवं.

ज्यांना काम काढायचंच आहे, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी, एका बँकवाल्या बाईकडून. महाराष्ट्रात न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते, आमच्याकडे बहुतेक जण सोसायटी म्हणून नोंदणी करतात. राज्य बदललं की नियम बदलतात, तेव्हा आपल्या गावातल्या सीएला विचारा. समितीत निम्मी माणसं अशी घ्या, जी तुमच्या मुलाला ओळखत नव्हती. ती तुम्हाला 'नाही' म्हणू शकतात. खात्यावर दोघांच्या सह्या ठेवा. घरातले पैसे आणि निधीचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे. प्राप्तिकरात देणगीदाराला सवलत हवी असेल तर 2000 रुपयांच्या वरची देणगी रोख घेऊ नका. आणि काम कधी बंद करायचं, तेही लिहून ठेवा. आमच्या घटनेत लिहिलेलं आहे की चालवणारं कुणी उरलं नाही, तर शिल्लक कुठल्या कामाला जाईल. मुलाच्या नावाचं काम बंद करणं म्हणजे मूल पुन्हा जाणं नव्हे. हे मी कागदावर लिहिलं, तेव्हा माझा हात थरथरत होता, पण लिहिलं.

आता सरकारनंही हे काम मोठ्या प्रमाणावर हातात घेतलं आहे. 1 जुलै 2023 रोजी शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं त्याचं लक्ष्य होतं. नागपूरचे संपत रामटेके यांच्यासारख्या पालकांनी, ज्यांच्या स्वतःच्या मुलाला हा आजार होता, त्यासाठी कित्येक वर्षं आधीपासून आवाज उठवला. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा उद्या आमची गरज उरली नाही तर मला आनंदच होईल. मग मला फक्त तिची आई म्हणून राहता येईल.

लोक शेवटी विचारतात, 'या कामानं बरं वाटतं का?' कधी वाटतं, कधी नाही. बरं वाटावं म्हणून मी ते करत नाही. बसचं भाडं लागतं, म्हणून करते. आणि रडायचं असतं तेव्हा काम बाजूला ठेवून रडते. ज्यांचं दुःख वर्षानंतरही हलत नसेल, झोप-जेवण सुटलं असेल, त्यांनी टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि तिथे आपल्या भाषेत बोलता येतं.

तुम्हा सगळ्यांकडे माझी दोन मागणी आहेत. तुमच्या ओळखीत कुणाचं मूल गेलं, तर पहिल्या महिन्यात 'त्याच्या नावानं काहीतरी करा' असं म्हणू नका. डबा घेऊन जा, आणि मुलाचं नाव घेऊन बोला. दुसरी मागणी आमच्या पट्ट्यातल्या लोकांसाठी. विदर्भ, खानदेश, छत्तीसगड, कुठेही असाल आणि घरात लग्न ठरत असेल, तर पत्रिकेबरोबर दोघांच्या रक्ताचीही तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात होते. एका बोटाच्या टोचणीचं काम आहे.

उद्या सकाळी मला परतीची गाडी पकडायची आहे. रविवारी धमतरीजवळ कॅम्प आहे आणि पेटी अजून भरायची आहे.